रिकामं पाकीट दाखवून

सिद्धेश्वर धरणाजवळचा तांडा,
२४ ऑक्टोबर २०२५

प्रेमदास भाऊजींना मिराबाईचा नमस्कार.

फोन तुम्ही कापता म्हणून कागद पाठवते. कागदही कापायचा असेल तर कापा, पण आधी वाचा. दस्तगीरभाई धरणावरची मासळी घेऊन तुमच्या आखाडा बाळापूरच्या बाजाराला टेम्पो नेतात, त्यांच्याकडे पत्र दिलं आहे. टोपल्यांपाशी ठेवतील. वास येईल, तेवढा सोसा.

दिवाळीला तुम्ही तांड्यावर आलात, चार वर्षांनी. मला वाटलं, भावाच्या फोटोला हार घालायला आलात. हार तुम्ही नव्या मोटारसायकलला घातला आणि जेवायला बसलात. असो. मी वाढत होते म्हणून मला दिसलं. तुम्ही तोंडानं श्वास घेत होता. घास नुसता डाव्या दाढेखाली फिरवत होता. उजवा गाल डाव्यापेक्षा जाड होता. आणि भाजी वाढायला वाकले तेव्हा जो वास आला तो मी ओळखला. तोच वास मी २०२१ साली नांदेडला तुमच्या दादाच्या उशाशी बसून घेतला आहे.

तुम्हाला साखर आहे. साखरेच्या माणसाचं एका बाजूचं नाक बंद, त्याच बाजूचा गाल जड, ही सर्दी नसते. निदान सर्दीच आहे असं धरून बसू नये. नाक-कान-घशाच्या डॉक्टरला नाकात दुर्बीण घालून पाहू द्या.

शिवकन्या म्हणत होती, आमचे हे विश्वंभरकडे जातात. हा विश्वंभर डॉक्टर कधी झाला? माझ्या आठवणीत तो एका दवाखान्यात पट्ट्या बांधायचा. नुसतं दवाखान्यात राहून डॉक्टर होता येत असेल तर तिथल्या दारातलं कुत्रं एव्हाना सर्जन व्हायला हवं होतं.

माझी माया उतू चालली आहे असं समजू नका. तुमच्या घरात देवानं सगळ्यांना एकच नाक दिलं आहे. ते नाक पुन्हा सडताना मला पाहायचं नाही.

मिराबाई

---

आखाडा बाळापूर,
२८ ऑक्टोबर

वहिनीला प्रेमदासचा रामराम.

पत्र भेटलं. मासळीच्या वासाचं काहून लिवलं? म्या कागद नाकाला लावून पाह्यला, कसलाच वास न्हाई. शिवकन्या मातर उगंच पदर नाकाला लावून फिरून राहिली. बायकायला वहीम लय.

मला सर्दी हाय. सर्दी. दुकानात दिवसभर औषधाच्या पावडरी उडतेत, नाक बंद होनारच. विश्वंभर डॉक्टरनं एक सुई देली अन् गोळ्या देल्या. दुसऱ्या दिशी चार भाकरी खाल्ल्या. अंगात बैलावानी ताकत आली. तुमच्या नांदेडच्या डॉक्टरायनं दादाला कधी चार भाकरी खाऊ घातल्या का?

अन् बुरशीचं मला शिकवू नका. वीस वर्सं झाली, बुरशीनाशक इकून पोट भरून राहिलो. हळदीची कंदकूज नुसतं पान पाहून वळखनारा मानूस ह्या मुलखात कोन, ते कोनालाबी इचारा. तुमी चौथी पास. आशाताईच्या चार चोपड्या वाचल्या अन् डॉक्टरीन झाल्या. तांड्यावर पाटी लावा, मिराबाई राठोड, नाक-कान-घसा. पयला पेशंट म्या पाठवतो, आमचं म्हातारं बोकड सारखं शिंकून राहिलं.

एक गोष्ट लिवतो, वाईट वाटलं तर वाटू द्या. दादाचा चेहरा कापायची सही तुमी केली. म्या न्हाई म्हनत होतो. डोळा गेला, अर्धा जबडा गेला, अन् वर मानूसबी गेला. त्या दिसापासून म्या ठरवलं, दुर्बीनवाल्याच्या दारात जायचं न्हाई. एकदा नळी आत गेली का मंग सुरीच येती.

हळदीचा सीजन हाय. फुरसत न्हाई. पुन्हा लिवू नका.

प्रेमदास

---

तांडा,
३१ ऑक्टोबर

प्रेमदास भाऊजी,

तुमचं पत्र मी तांड्यावरच्या शिला आशाताईला वाचून दाखवलं. बोकडापाशी आम्ही दोघी हसलो. मग वासापाशी आलो आणि हसणं थांबलं.

माझा कागद दिवसभर झिंग्यांच्या टोपलीखाली दबला होता. दस्तगीरभाई येऊन माफी मागून गेले, म्हणाले, "भाभी, चिठ्ठी बिघडली असंल, पानी सांडलं." तो कागद तुम्ही नाकाला लावला आणि तुम्हाला वास आला नाही. तुमचं नाक कामातून गेलं आहे, हे तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून दिलंत. आणि वहीम शिवकन्येला!

तुमच्या दादाची फाईल एकसष्ट पानांची आहे. तुम्ही ती कधी उघडली नाही. मी डिक्शनरी घेतली आणि दोन वर्षं एकेक ओळ लावत बसले. जे लागलं नाही ते शिलाकडून, तिला लागलं नाही ते तिच्या मॅडमकडून. चौथी पास माणसाला वेळ लागतो. दहावी पास माणसाला सगळं पानावरून कळतं.

नाकातली बुरशी एकच नसते. एक गोळा होऊन गालाच्या पोकळीत वर्षानुवर्षं पडून राहते, काही खात नाही, काढली की संपलं. एक ॲलर्जीवाल्यांना होते. आणि एक साखरेच्या माणसाला धरते. ती रक्ताच्या नळ्यांत शिरते. रक्त तुटतं, मांस मरतं, काळं पडतं. गालातून टाळूत, टाळूतून डोळ्यात, डोळ्यातून मेंदूत. तिला दिवस पुरतात. सुरुवातीला बाहेरून तिन्ही सर्दीच दिसतात. दुर्बिणीनं आत पाहून, तुकडा काढून, तो सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. तुमची कोणती, मलाही माहीत नाही. विश्वंभरला माहीत नाही आणि त्याला त्याची लाजही नाही.

पान पाहून ओळखता म्हणे. तुमच्याच मेहुण्याच्या वावरात हळद पिवळी पडली, तुम्ही पान पाहून कंदकूज सांगितली आणि औषधाचे डबे विकले. त्यानं कंद उपटून चाकूनं कापला तेव्हा आत कंदमाशीच्या अळ्या निघाल्या. शिवकन्येनंच सांगितलं, हसत हसत. आणि खरी कंदकूज असली तर तुम्ही गिऱ्हाइकाला काय सांगता? सडलेला गड्डा आधी उपटून लांब फेक, मग औषध ओत, नाहीतर औषध पाण्यात. नाकाचंही तेच आहे. हळदीला जो न्याय लावता तो स्वतःच्या गालाला लावायला भिता.

आता सहीचं. पहिल्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, आज कापलं तर डोळा वाचेल. तुम्ही म्हणालात, तांड्याच्या नाईकाला आणि चार वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय माणसाच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही. तुम्ही विचारायला गेलात आणि तीन दिवस आला नाहीत. घरातला पुरुष बोलून गेला आहे म्हणून मी तीन दिवस पदरात तोंड घालून बसले. चौथ्या दिवशी सही केली तेव्हा बुरशी डोळ्याच्या मागे गेली होती. माझ्या सहीनं माणूस गेला म्हणता. मी म्हणते, तुमच्या नसलेल्या सहीनं गेला.

विश्वंभर कोणती गोळी देतो, तिचं नाव लिहून पाठवा. अडाण्यासारखं रिकामं पाकीट मेडिकलवर दाखवून आणत असाल तर तेही लिहा.

मिराबाई

---

आखाडा बाळापूर,
४ नोव्हेंबर

वहिनी,

घ्या. नाव काय लिवत बसू, पाकीटच पाठवलं. तुमाला वाचायची हौस हाय, वाचा. व्हय, पाकीट दाखवूनच आनतो. अख्खा मुलूख तसाच आनतो. मेडिकलवाला बी शहाना मानूस हाय, पाकीट पाहून बराबर गोळी देतो. चौदा दिस झाले. विश्वंभरनं चारच दिस सांगितल्या होत्या, पन बंद केली का अंग मोडून येतं, खाल्ली का ताजातवाना. मंग काहून बंद करू?

गाल जरा सुजला. दाढ हालून राहिली, तिचंच दुखनं हाय. दातवाल्याला दाखवतो अन् उपटून टाकतो. झालं तुमचं समाधान? उपटतो म्हनलं.

नाईकाचं अन् तीन दिसाचं पुन्हा काढू नका. ते मेलेल्या मानसासंगं गेलं.

प्रेमदास

(गोळ्यांच्या पाकिटाला गुंडाळलेली, बिलाच्या मागच्या बाजूला लिहिलेली चिठ्ठी)

आक्का, मालकायला न सांगता लिवते. परवा दाढी करताना गालाला पातं लागलं. रगत मानेवर आलं तरी त्यायला कळलं न्हाई, मला दिसलं. म्या चिमटा घेतला. म्हनले, घे की, काहून थांबली? तवर दोनदा घेतला होता. रुमालात काळ्या खपल्या निघून राहिल्या. कालपासून एकाचे दोन दिसतेत. गिऱ्हाइकाला सांगू नको म्हनले. मला लय भ्याव वाटून राहिलं. काय करू? शिवकन्या.

---

तांडा,
५ नोव्हेंबर

प्रेमदास भाऊजी,

शिवकन्येवर ओरडू नका. ओरडायला वेळ नाही. दस्तगीरभाईंना सांगितलं आहे, आज मासळी राहू द्या, आधी दुकानावर जा, आणि हे वाचून होईपर्यंत समोरून हलू नका.

तुमचं पाकीट मी लगेच ओळखलं. नाव वाचावं लागलं नाही. असंच एक पाकीट माझ्या डब्यात चार वर्षं आहे.

कोरोनातून तुमच्या दादाला घरी सोडलं तेव्हा याच गोळ्या दिल्या होत्या. स्टिरॉइड. पाच दिवसांच्या. सहाव्या दिवशी बंद. पाच दिवसांत माणूस उठून बसला, भाकर मागू लागला, मला म्हणाला, "मिरा, पिठलं कर." सहाव्या दिवशी गोळी नव्हती आणि तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला. मी रिकामं पाकीट पदराला बांधलं आणि मेडिकलवर गेले. त्यानं दिलं. ते संपलं, पुन्हा गेले. अठरा दिवस मी त्यांना त्या गोळ्या दुधाबरोबर दिल्या. रोज जास्त जेवायचे. मी तांड्यावर सगळ्यांना सांगत फिरले, माझा माणूस बरा झाला. आत साखर चारशेच्या वर गेली होती, आणि त्या साखरेवर ती बुरशी वाढत होती.

फाईलच्या बाराव्या पानावर डॉक्टरनं लिहिलं आहे, स्टिरॉइड किती दिवस घेतलं, नातेवाईक सांगतात पाच. ते नातेवाईक मी. समोर पांढरा कोट पाहिला, आपण काहीतरी चुकीचं केलं हे कळलं आणि तोंडातून पाच निघालं. एकसष्ट पानांतलं तेवढं एकच पान डिक्शनरीशिवाय कळतं.

तुमच्या तीन दिवसांना मी चार वर्षं शिव्या देते. त्या देताना माझे अठरा दिवस विसरायला होतात. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही मोठ्या मनाचे आहात म्हणून नाही. तुम्ही ऐकत नाही, आणि माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही म्हणून.

गाल बधिर, काळ्या खपल्या, एकाचे दोन, हलणारी दाढ. दाढेचं दुखणं असतं तर दाढ दुखली असती हो! चिमटा कळत नाही तिथे दाढ कुठली दुखते? दातवाल्याकडे जाऊ नका. आजच्या आज नांदेड. तुमचं पाकीट सोबत परत पाठवते. ते डॉक्टरांसमोर ठेवा. ही गोळी एकदम बंद करायची की हळूहळू, ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही आणि मीही नाही. पण किती दिवस घेतली विचारतील तेव्हा खरा आकडा सांगा. पाच म्हणू नका.

मिराबाई

---

नांदेड, दवाखाना,
२६ नोव्हेंबर

वहिनीला प्रेमदासचा नमस्कार.

तोंडानं नीट बोलता येत न्हाई, म्हनून लिवतो. उजव्या बाजूचा वरचा जबडा काढला, पाच दातासगट. गालाच्या आतलं काळं मास काढलं. दोनदा आपरेशन झालं. डोळा ठिवला. थोडा कमी फिरतो, पन दिसतं. डॉक्टरीनबाई म्हनल्या, चार दिस उशीर केला असता तर डोळ्यावरबी सुरी चालवावी लागली असती.

त्या दिशी पत्र वाचून म्या दस्तगीरला म्हनलं, उद्या पाहू. तो म्हनला, "प्रेमदासभाई, मिराभाभीनं जुबान घेतली हाय, तुमी बसल्याबिगर टेम्पो हालत न्हाई." भर बाजारात मासळीच्या टेम्पोत बसवलं मला. मागं टोपल्या, म्होरं आमी तिघं. शिवकन्या पदर नाकात कोंबून बसलेली, डोळ्यातून पानी. मला कसलाच वास न्हाई. डोंगरकडा गावाच्या पुढं गेलो तवा पयल्यांदा भ्यालो.

दुर्बीन घातली, ते म्होरं पडद्यावर दाखवलं. आत जळक्या कागदावानी काळं. त्यातला तुकडा काढला. दुखलं न्हाई. रगतबी आलं न्हाई. बाई म्हनल्या, जित्या मासाला रगत येतं. हळदीचा कंद कापला, चांगला असला का पिवळा वलसर निघतो. तवा मला काही समजून सांगायची गरज पडली न्हाई. संध्याकाळपोत तुकडा तपासून सांगितलं, तीच बुरशी, दादाची.

गोळ्या किती दिस, इचारलं. पाकीट म्होरं ठिवलं अन् जीभ "चार" म्हनायला वळली. तुमची आन. मंग पंधरा म्हनलो. बाईनं आकडा कागदावर लिवून घेतला.

आता सलाईनमधून बुरशीचं औषध चालू हाय. ते सुरू झालं का अंग थंडीनं हापटतं, शिवकन्या दोन गोधड्या घालून वर बसती. किडनीसाठी सारखं रगत तपासतेत. साखरेची सुई दिसातून चारदा.

सहीचं लिवायचं हाय. माझ्या म्होरं कागद ठिवला अन् म्या सही केली. एक मिनिट न्हाई लागलं. नाईक न्हाई आठवला, वडीलधारे न्हाई आठवले.

वहिनी, दादाच्या टायमाला म्या तांड्यावर गेलोच न्हाई. कोरोनापायी गाड्या बंद होत्या, अन् चालू असत्या तरी गेलो नसतो. नाईकाला कोनी काही इचारलं न्हाई. म्या तीन दिस दवाखान्याच्या मागच्या झाडाखाली बसून होतो. वाटलं, सही माझी अन् दादा मेला तर तांडा मला काय म्हनंल. तुमी खिडकीत येऊन उभ्या ऱ्हायच्या, ते मला खालून दिसायचं.

आता तुमाला काय लिवायचं ते लिवा.

प्रेमदास

---

तांडा,
३० नोव्हेंबर

प्रेमदास भाऊजींना मिराबाईचा नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. झाडाखाली बसलात हे वाचून मला तुमची कीव आली असं लिहिता आलं असतं. आली नाही. तुमचा भाऊ वर एका उघड्या डोळ्यानं दाराकडे पाहत होता. मला विचारायचा, "प्रेमदास आला का?" मी सांगायचे, तांड्यावर गेलेत, येतीलच. नाईकाला चार वर्षं मनात दोष दिला, त्या म्हाताऱ्याच्या दारावरून जाताना रामराम घातला नाही. काल गेले आणि घातला. तो म्हणाला, "काय गं, आज काहून?"

माझ्या अठरा दिवसांबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही. तेही ठीक. मी तुमच्याकडून माफी घेणार नाही आणि देणारही नाही. त्या माणसाला आपण दोघांनी मिळून घालवलं, एकानं झाडाखाली बसून, एकीनं दूध पाजून. विश्वंभरला शिव्या देण्याचा हक्क त्यातल्या त्यात तुमच्या बोकडाला आहे.

गुरुवारी येते. तुम्हाला आता नीट चावता येणार नाही. ज्वारीची पातळ आंबील आणते, गुळाशिवाय. तोंड वाकडं करू नका, तसंही ते आता सरळ राहिलेलं नाही. सुटी झाल्यावर पुढे महिनोन्महिने बुरशीच्या गोळ्या देतील. प्रत्येक वेळी डॉक्टरला दाखवून, रक्त तपासून. संपल्या म्हणून आणायला कोणीही मेडिकलवर जायचं नाही. शिवकन्येला सांगा, रिकामं पाकीट दिसलं की कात्रीनं तुकडे कर.

माझ्याकडच्या पाकिटाचे मी तुकडे केले नव्हते. काल ते डब्यातून काढलं आणि घेऊन निघाले. कुठल्या मेडिकलवर ते सांगत नाही, सगळे सारखेच आहेत. पाकीट चार वर्षांचं, अक्षरं पुसट झालेली, कडा मोडलेल्या. काउंटरवर ठेवलं. मेडिकलवाल्यानं ते उजेडात धरलं, नाव वाचलं, कपाटाकडे वळला आणि पाठमोराच म्हणाला, "मावशी, एक देऊ का दोन?"

मी म्हणाले, "आधी विचार, कोणाला."

तो हसला. म्हणाला, "बरं, कोणाला?"

मी तुमच्या दादाचं नाव घेतलं, "हरिचंद राठोड."

तो कागदाच्या पिशवीवर नाव लिहू लागला. मी पूर्ण लिहू दिलं. मग ती पिशवी त्याच्याकडून मागून घेतली, गोळ्यांशिवाय, नुसती, आणि घरी आले.

मिराबाई